रुग्णशय्येपाशी पहिले पाऊल
प्रथम वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे निरीक्षण आणि त्यावरील पर्यवेक्षण

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळाने या जिल्ह्यास स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालन्याचा समावेश होता. येथील प्रवेशक्षमता १०० विद्यार्थ्यांची आहे. बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी क्षेत्रातील वैद्यकीय महाविद्यालय त्यापूर्वीपासूनच आहे. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सुरू झाले होते; जालन्याचे कित्येक गंभीर रुग्ण सुमारे साठ किलोमीटरचा तो रस्ता धरीत आले आहेत.

नवे महाविद्यालय म्हटले की इमारत, यंत्रसामग्री आणि अध्यापकांची पदे यांची चर्चा होते, आणि ती व्हावयासही हवी. परंतु ज्या गोष्टीस निधीपेक्षा शिस्तीची गरज अधिक आहे, अशी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. नुकताच बारावी होऊन आलेला विद्यार्थी पहिल्यांदा रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहतो, त्या वेळी त्याच्यासोबत कोण असते, त्याला काय पाहावयास सांगितलेले असते आणि रुग्णाने त्यास होकार दिलेला असतो काय, हे तीन प्रश्न होत. उद्याचा डॉक्टर कसा घडेल आणि खेड्यातून आलेला माणूस शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयावर विश्वास ठेवील की नाही, हे पुष्कळ अंशी या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते.

पूर्वपीठिका

पूर्वी वैद्यकीय अभ्यासक्रमाचा पहिला टप्पा दीड वर्षाचा असे. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय या काळात शिकविले जात, आणि विद्यार्थ्याचा संबंध शवविच्छेदनगृह व प्रयोगशाळा यांच्याशीच येई. १९९७ च्या विनियमांनी हा टप्पा एक वर्षावर आणला; तथापि विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यातील अंतर बहुतेक ठिकाणी तसेच राहिले. पाठ केलेल्या नसा आणि रक्तवाहिन्या आजारी माणसाच्या देहात कशा वागतात, हे कळेपर्यंत त्या विस्मृतीत जात.

हे अंतर कमी करण्याचा विचार जुना आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात समाजाभिमुख वैद्याची कल्पना मांडली होती. १९७७ साली केंद्र शासनाने वैद्यकीय शिक्षणास ग्रामीण वळण देण्याची योजना आणली आणि प्रत्येक महाविद्यालयाशी तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडावीत, असे ठरविले. महाराष्ट्रात सेवाग्राम येथे १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने विद्यार्थ्यांच्या तुकडीने गाव दत्तक घेण्याची प्रथा पाडली. देशातील सर्व महाविद्यालयांना बंधनकारक असा बदल मात्र २०१९ मध्ये झाला. त्या वर्षीच्या विनियमांनी प्रथम वर्षातच प्रारंभिक रुग्णपरिचयाची तरतूद केली आणि त्यासाठी ९० तास राखून ठेवले. मूलभूत विषयांचे रुग्णसेवेतील महत्त्व ओळखणे, रुग्णाच्या अनुभवातून अभ्यासाची प्रेरणा मिळणे, वर्तन व नीती यांची जाण येणे आणि आजाराची सामाजिक बाजू समजणे, हे या परिचयाचे उद्देश होत.

निरीक्षणाची मर्यादा

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची रुग्णालयातील भूमिका निरीक्षकाची असते. त्याने पाहावे, ऐकावे, परवानगीने विचारावे आणि नोंद करावी. नाडी मोजणे वा रक्तदाब घेणे यांसारखी कौशल्ये तो शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाध्यायींवर शिकतो. औषध देणे, सुई टोचणे, टाके घालणे, निदान सांगणे किंवा सल्ला देणे हे त्याचे काम नव्हे. वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीस वैद्यक व्यवसाय करता येत नाही, आणि विद्यार्थ्याची तात्पुरती नोंदणीसुद्धा अंतिम परीक्षेनंतर, आंतरवासितेच्या वर्षासाठी होते.

व्यवहारात ही मर्यादा दोन बाजूंनी ओलांडली जाण्याचा धोका असतो. एक बाजू रुग्णालयाची. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते, मनुष्यबळ अपुरे पडते, आणि पांढरा डगला घातलेला तरुण समोर दिसतो. त्याच्या हाती सलाईनची बाटली देण्याचा किंवा केसपेपर लिहून घेण्याचा मोह अशा वेळी स्वाभाविक असतो. दुसरी बाजू रुग्णाची. डगला दिसताच नातेवाईक ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून हाक मारतात, आणि सतराअठरा वर्षांच्या मुलास ते संबोधन नाकारणे जड जाते. यावर उपाय साधा आहे. विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर ‘विद्यार्थी, प्रथम वर्ष’ असे मराठीत ठळक अक्षरांत असावे. त्याने स्वतःची ओळख त्याच शब्दांत करून द्यावी. आणि कोणत्या कक्षात कोणत्या दिवशी विद्यार्थी येणार व त्यांना काय करू द्यावयाचे नाही, याची लेखी सूचना परिसेविकेकडे आधीच पोहोचलेली असावी. दिवसभर कक्ष सांभाळणारी परिसेविका ही या व्यवस्थेतील महत्त्वाची पर्यवेक्षक होय. तिला न कळविता आणलेला गट हा तिच्या कामातील अडथळाच ठरतो.

रुग्णाचा होकार

शासकीय रुग्णालयातील उपचार अल्प दरात किंवा विनामूल्य मिळतात, म्हणून तेथील रुग्णाने विद्यार्थ्यांपुढे तपासून घेतलेच पाहिजे, असा एक समज खोलवर रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. उपचार हा रुग्णाचा हक्क असून विद्यार्थ्यांना शिकू देणे हे त्याचे औदार्य आहे. यास्तव पर्यवेक्षकाने विद्यार्थी कक्षात येण्यापूर्वीच रुग्णास विचारावे. पाचसहा जण खाटेभोवती उभे राहिल्यानंतर विचारलेल्या प्रश्नास नकार देण्याचे धैर्य फारच थोड्यांत असते. विचारतानाची भाषा सोपी असावी: “ही मुले डॉक्टरकीचे शिक्षण घेत आहेत, त्यांना नुसते पाहावयाचे आहे, तुम्ही नको म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.” यातील शेवटचे वाक्य गाळू नये.

स्त्रीरुग्णांच्या बाबतीत अधिक काळजी हवी. प्रसूतिकक्षात निरीक्षण ठेवावयाचे असल्यास त्या स्त्रीचा स्वतंत्र होकार, पुरेसा आडोसा आणि एका वेळी अत्यल्प विद्यार्थी, या किमान अटी होत. प्रसूतिकक्षातील सेवेची गुणवत्ता वाढविण्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही स्त्रीच्या सन्मानावर भर दिलेला आहे. अत्याचारग्रस्त व्यक्तीची तपासणी, आत्महत्येच्या प्रयत्नानंतरचे संभाषण किंवा नातेवाइकांस मृत्यूची वार्ता देण्याचा प्रसंग हे प्रथम वर्षाच्या गटासाठी नव्हेत.

गोपनीयतेचा नियम विद्यार्थ्यासही डॉक्टराइतकाच लागू आहे. एचआयव्हीबाधितांच्या माहितीचे संरक्षण करणारा कायदा २०१७ साली झाला आणि मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही त्याच वर्षी गोपनीयतेचा हक्क दिला. जालन्यासारख्या जिल्ह्यात सारे एकमेकांना ओळखतात. वसतिगृहात सहज काढलेला विषय अंबडच्या किंवा भोकरदनच्या बसस्थानकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. म्हणून नोंदवहीत रुग्णाचे नाव, गाव व खाटेचा क्रमांक लिहू नये, आणि कक्षात भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेण्यास पूर्ण मनाई असावी.

पाहण्याची पूर्वतयारी

डोळे उघडे असले म्हणजे निरीक्षण होते असे नाही. काय पाहावयाचे हे ठाऊक नसलेला विद्यार्थी रुग्णाकडे पाहत उभा राहतो आणि त्याच्या मनात केवळ वेदनेचे वा किळसेचे चित्र उरते. यासाठी प्रत्येक भेट वर्गातील पाठाशी जोडलेली असावी लागते.

समजा, शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश कसा जातो, हा पाठ चालू आहे. अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे द्रव्य संदेश पोहोचविते आणि एक विशिष्ट विकर त्याचे लगेच विघटन करते, एवढे विद्यार्थ्याने वाचलेले असते. कापसावर फवारणी करताना सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाची बाधा झालेला आणि आता धोक्याबाहेर असलेला शेतमजूर कक्षात असेल, तर हाच पाठ त्याच्या खाटेपाशी पुरा होतो. कीटकनाशकाने त्या विकराचे काम बंद पाडलेले असते. संदेशवाहक द्रव्य साचते. त्यामुळे बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडास लाळ सुटते, घाम येतो, स्नायू थरथरतात आणि छातीत स्राव भरतो. अ‍ॅट्रोपिन या द्रव्याचा स्रावांवरील परिणाम रोखते, म्हणून छाती कोरडी होईपर्यंत ते दिले जाते. केसपेपरवरील पहिल्या तासांच्या नोंदी पर्यवेक्षकाने वाचून दाखविल्या की पुस्तकातील एक आकृती विद्यार्थ्याच्या आयुष्यभर लक्षात राहते. त्याच वेळी फवारणी वाऱ्याच्या दिशेने केली होती काय, हातमोजे होते काय, पंप कोणाचा होता, हे त्या मजुराच्या तोंडून ऐकले तर आजाराची दुसरी बाजूही समजते.

स्त्रीरुग्णालयातील उदाहरण असेच आहे. गर्भवतीच्या रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो, आणि ७ पेक्षा कमी असल्यास तो तीव्र होय. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी हिमोग्लोबिन मोजावयास शिकतो. निरीक्षणात तो पापणीच्या आतील फिका रंग पाहतो, जिना चढताना लागणारी धाप ऐकतो. लोहाच्या गोळ्या का थांबविल्या, याचे उत्तर मात्र पुस्तकात नसते. कोणास मळमळ होते, कोणी काळ्या शौचास घाबरते, तर कोणी दसऱ्यानंतर कुटुंबासह ऊसतोडीस गेल्याने गोळ्या देणारी आशाताईच तिच्यापासून दूर राहते. शरीर आणि समाज यांची अशी सांगड प्रथम वर्षातच दिसली, तर पुढे औषधाची चिठ्ठी लिहिताना तिचा विसर पडत नाही.

गट, वेळ आणि चर्चा

शंभर विद्यार्थी एकदम कक्षात नेणे म्हणजे मिरवणूक नेणे होय. एका खाटेपाशी पाचपेक्षा अधिक विद्यार्थी असू नयेत, हे प्रमाण सोयीचे आहे. या हिशेबाने शंभरांचे वीस गट पडतात, आणि दररोज दोन गट नेले तरी एक फेरी दहा कामकाजाच्या दिवसांत पूर्ण होते. एका तासाच्या भेटीपैकी पहिली १५ मिनिटे कक्षाबाहेर सूचनांसाठी, पुढील २५ मिनिटे रुग्णापाशी आणि शेवटची २० मिनिटे पुन्हा बाहेर चर्चेसाठी ठेवावीत. वेळ अपुरा पडला की प्रथम कात्री लागते ती या शेवटच्या वीस मिनिटांना. वस्तुतः पाहिलेल्या गोष्टीचे ज्ञानात रूपांतर तेथेच होते. काय दिसले, काय समजले नाही, रुग्णाशी बोलताना कोणता शब्द खटकला, असे तीन प्रश्न विचारून प्रत्येकास बोलते करावे.

पर्यवेक्षक दोन असतील तर उत्तम: एक मूलभूत विषयाचा अध्यापक आणि दुसरा कक्षातील चिकित्सक. पहिला पाठाचा धागा धरून ठेवतो व दुसरा रुग्णाची स्थिती जाणतो. चिकित्सकाने रुग्णाशी बोलण्याची रीत हीच गटासाठी पहिली शिकवण असते. ‘सहा नंबरची खाट’ म्हणणारा अध्यापक आणि ‘मावशी, आज बरे वाटते का?’ म्हणून खाटेपाशी बसणारा अध्यापक हे एकाच अभ्यासक्रमातून दोन वेगळ्या प्रकारचे डॉक्टर घडवितात.

भाषेचाही विचार करावा लागतो. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे काही विद्यार्थ्यांना मराठी येत नसते. आणि जालन्याच्या कक्षात मराठीबरोबर उर्दू, दखनी वळणाची हिंदी आणि तांड्यावरची बंजारा बोलीही कानी पडते. प्रवेशानंतरच्या पायाभूत अभ्यासक्रमात स्थानिक भाषेस स्थान आहे. गट पाडताना प्रत्येक गटात एकतरी मराठी जाणणारा विद्यार्थी ठेवल्यास अडचण बरीच कमी होते.

विद्यार्थ्यांची सुरक्षितता

निरीक्षकही संसर्गापासून मुक्त नसतो. प्रवेश मिळताच हिपॅटायटिस ‘ब’ची लस सुरू करावी. तिच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने व सहा महिन्यांनी द्यावयाच्या असल्याने हे नियोजन लांबणीवर टाकता येत नाही. हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले आहेत. त्यांतील रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श झाल्यानंतरचा प्रसंग निरीक्षक हमखास विसरतात. खाटेच्या कठड्यावर हात टेकून उभे राहण्याची सवय सर्वांनाच असते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार असलेल्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या पात्रांचा अर्थ पहिल्याच भेटीत समजावून द्यावा. चुकून सुई टोचल्यास जखम दाबू नये, साबण व पाण्याने धुवावी आणि तत्काळ कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. भीतीपोटी किंवा रागावतील म्हणून गोष्ट लपविणारा विद्यार्थी हे मौल्यवान तास गमावतो. म्हणून कळविणाऱ्यास दोष दिला जाणार नाही, हे पर्यवेक्षकाने आधीच स्पष्ट करावे.

मनाची काळजी तेवढीच महत्त्वाची आहे. रक्त पाहून भोवळ येणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. अशा विद्यार्थ्यास आडवे निजवून पाय किंचित वर करावेत, हसू नये आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी द्यावी. भाजलेला पोलाद कारखान्यातील कामगार, श्वासासाठी धडपडणारे मूल किंवा काल बोललेल्या आजोबांची आज रिकामी झालेली खाट यांचा तरुण मनावर होणारा परिणाम दिसून येत नाही, पण तो होतो. वर्तन, नीती व संवाद यांच्या अभ्यासक्रमात प्रथम वर्षासाठी ‘डॉक्टर असणे म्हणजे काय’ याबरोबरच ‘रुग्ण असणे म्हणजे काय’ हाही घटक आहे, आणि देहदानातून मिळालेला मृतदेह हाच पहिला गुरू होय, असे मानणारा घटकही आहे. हे घटक निरीक्षणानंतरच्या चर्चेत आले, तर विद्यार्थ्याला मनातील भार बोलून दाखविण्यास जागा मिळते.

गावातील कुटुंबे आणि पंचायतीचे साह्य

निरीक्षण केवळ रुग्णालयापुरते मर्यादित नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम सुरू केला. त्यानुसार प्रत्येक विद्यार्थी किमान तीन कुटुंबांशी प्रथम वर्षापासून संबंध ठेवतो आणि पुढील वर्षांतही त्यांच्याकडे जातो. येथे पंचायत सदस्य, शिक्षक आणि आशा स्वयंसेविका हेच खरे यजमान होत.

शंभर विद्यार्थी आणि प्रत्येकी तीन कुटुंबे म्हणजे एका तुकडीसाठी तीनशे उंबरठे झाले. ते उघडले जातील की नाही, हे ग्रामसभेत काय सांगितले गेले यावर अवलंबून राहील. येणारे विद्यार्थी औषध देणार नाहीत, शिबिराचा लाभ किंवा योजनेचा पैसा त्यांच्या हाती नाही. ते कुटुंबाची माहिती घेतील, आहार, पाणी, लसीकरण यांविषयी विचारतील आणि कोणी आजारी आढळल्यास अध्यापकांना कळवतील, एवढे आधीच सांगितले म्हणजे पुढील निराशा टळते. निवड करताना वाड्याजवळच्या सोयीच्या घरांबरोबर तांडा, वस्ती आणि ऊसतोडीस जाणारी कुटुंबेही घ्यावीत. आणि ती परगावी जाण्याच्या काळाशी भेटींचे वेळापत्रक जुळवावे. महाविद्यालयाच्या बाजूने अध्यापकाविना विद्यार्थ्यांना गावात पाठवू नये, आणि त्यांनी सांगितलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे त्या घरास कळवावे. वारंवार प्रश्न विचारून काहीही न कळविणाऱ्या पाहुण्यांस गाव लवकर कंटाळते.

प्रशासनाकडून अपेक्षा

या कामास मोठा खर्च नाही. अधिष्ठाता व जिल्हा शल्यचिकित्सक यांनी मिळून वर्षाचे वेळापत्रक ठरविणे, प्रत्येक कक्षासाठी जबाबदार पर्यवेक्षकाचे नाव निश्चित करणे, अध्यापकाचा हा वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरणे, आणि विद्यार्थ्यांबाबत रुग्णांचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय करणे, एवढे पुरेसे आहे. पर्यवेक्षणासाठी राखलेला वेळच नसेल, तर उत्तम परिपत्रकही फाइलमध्येच राहते.

जालन्याच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पुरी करून बाहेर पडतील. त्यांतील काही जण परतूर, मंठा, जाफराबाद, घनसावंगी येथील आरोग्य केंद्रांत रुजू होतील अशी अपेक्षा आहे. त्या वेळी त्यांच्यापुढे बसलेला शेतकरी त्यांची गुणपत्रिका पाहणार नाही. आपले म्हणणे कोणी नीट ऐकून घेते की नाही, एवढेच तो पाहील. ऐकण्याची ही सवय लागण्यासाठी पहिले वर्ष हाच योग्य काळ आहे, आणि ती लावण्याची जबाबदारी अध्यापक, परिसेविका, प्रशासन व गाव या सर्वांची मिळून आहे.